‘लघवी तपासली’ म्हणजे नेमके काय तपासले?

माधवनगरातल्या कोणत्याही घरी गर्भवती सुनेची चौकशी करा, सासूबाई चटकन सांगतात, “सगळ्या तपासण्या झाल्यात. रक्त बघितलं, लघवी बघितली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल आहे.” आपल्या घरांतून आता असे उत्तर सर्रास ऐकू येते, ही समाधानाची गोष्ट आहे. आमच्या आईच्या पिढीला सातव्या महिन्यापर्यंत दवाखान्याचे तोंडही माहीत नसायचे. पण या उत्तरातल्या एका शब्दापाशी आज थोडे थांबायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘लघवी’.

उपकेंद्रात किंवा दवाखान्यात प्रत्येक भेटीला गर्भवतीची लघवी तपासतात, ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे अल्ब्युमिन, अर्थात प्रथिन. ते लघवीतून जाऊ लागले आणि सोबत रक्तदाब वाढला, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. दुसरी म्हणजे साखर. या दोन्ही तपासण्या अत्यंत गरजेच्या आहेत आणि त्या चुकवू नयेत. परंतु लघवीत जंतू आहेत की नाहीत, हे या दोन्हींवरून कळत नाही. ‘अल्ब्युमिन निल, शुगर निल’ असा शेरा हातात असतानाही मूत्राशयात लाखो जंतू सुखाने नांदत असू शकतात. ते शोधायचे तर वेगळी तपासणी करावी लागते. तिचे नाव युरिन कल्चर. मराठीत सांगायचे तर लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. आपल्या बहुतेक कुटुंबांना हा फरक ठाऊक नाही, आणि माहीत नसलेली तपासणी कुणी मागणार तरी कशी?

जळजळ झाली तरच जंतुसंसर्ग, असा आपला समज आहे. इकडे सांगली भागात लघवीला आग होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. घरात उर्दू बोलणाऱ्या आपल्या खाला-फुफी ‘गरमी हो गई’ म्हणून मोकळ्या होतात. गंमत अशी की, दोन्ही भाषांनी नावातच रोगाचे कारण ठरवून टाकले आहे. कारण ऊन ठरले म्हणजे उपायही ठरलेलाच: सब्जा भिजवा, धने-जिऱ्याचे पाणी द्या, जवाचे पाणी द्या, नारळ फोडा. यातल्या कशानेही नुकसान होत नाही, उलट पोटात पाणी जाते ते बरेच. पण मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसलेला जंतू धन्याच्या पाण्याने मरत नाही. दोन दिवस आग कमी होते आणि घरचे निर्धास्त होतात. मेडिकल दुकानात मिळणारे जळजळ शमवणारे पातळ औषधही हेच करते. लक्षण झाकते, जंतू ठेवते.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. गर्भवती स्त्रियांपैकी शंभरात साधारण २ ते १० जणींच्या लघवीत जंतू भरपूर असतात, पण आग नाही, वास नाही, ताप नाही, काहीच नाही. रंगही स्वच्छ. आमच्या उर्दू वाचकांना ‘कारूरा’ हा शब्द माहीत असेल. जुने हकीम रुग्णाच्या लघवीची बाटली उजेडात धरून रंग, गढूळपणा, वास, गाळ पाहत आणि निदान करत. इब्ने सीना यांनी ‘अल-कानून’मध्ये यावर स्वतंत्र विवेचन केले आहे. हजार वर्षांपूर्वी माणसाच्या डोळ्याला जेवढे दिसू शकत होते, तेवढे त्यांनी अतिशय बारकाईने पाहिले. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि लघवी पाण्यासारखी नितळ दिसली म्हणून ती निर्जंतुक आहे असे आज कोणताही हकीम वा डॉक्टर म्हणणार नाही.

हा मुका संसर्ग पकडण्याची रीत अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या एडवर्ड कास नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात घालून दिली. लघवीत थोडेफार जंतू बाहेरून, त्वचेवरून मिसळतातच. मग खरा संसर्ग कोणता आणि बाहेरची घाण कोणती, हे ओळखायचे कसे? कास यांनी एक मोजमाप ठरवले: एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम वीस थेंबांत, एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू असतील तर तो खरा संसर्ग. आजही प्रयोगशाळेच्या कागदावर हाच ‘एक लाख’ दिसतो. पुढे त्यांनी गर्भवतींकडे लक्ष वळवले. कोणतीही तक्रार नसलेल्या, पण लघवीत जंतू असलेल्या स्त्रियांना औषध दिले नाही, तर त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना पुढे मूत्रपिंडाची गंभीर सूज येते, आणि वेळीच औषध दिले तर ती बहुतांशी टळते, हे त्यांच्या कामातून दिसले. नंतरच्या अनेक अभ्यासांनी उपचाराविना राहिलेल्या अशा स्त्रियांत मूत्रपिंडाच्या संसर्गाचे प्रमाण शेकडा २० ते ४०पर्यंत नोंदवले. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात हा धोका बराच कमी आढळला. पण तिथल्या निवडक, कमी जोखमीच्या स्त्रियांचे पोषण, पाणी, स्वच्छतागृहे आणि आपल्याकडचे रक्तक्षयाचे व मधुमेहाचे प्रमाण पाहता तो दिलासा आपण उसना घेऊ नये असे आमचे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गर्भवतींच्या देखभालीची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत लक्षणे नसलेल्या संसर्गासाठीही सात दिवसांचे प्रतिजैविक सुचवले आहे आणि तो शोधण्यासाठी कल्चर ही पहिल्या पसंतीची तपासणी मानली आहे.

गरोदरपणातच हा त्रास का वाढतो? स्त्रीचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, सुमारे चार सेंटिमीटरचा. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू शौचाच्या जागेवरून तेवढे अंतर सहज पार करतो. शंभरातल्या सत्तर-ऐंशी संसर्गांमागे हाच असतो. दिवस राहिल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. त्याने गर्भाशय शांत राहते हे चांगलेच, पण मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या नळ्याही सैल पडतात. वरून वाढते गर्भाशय त्या नळ्यांवर दाब देते, उजव्या बाजूच्या नळीवर जरा जास्तच. लघवी तुंबून राहते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते, तसे जंतू तुंबलेल्या लघवीत वाढतात आणि खालून वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. म्हणूनच गर्भवतीला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला की दुखणे बहुधा उजव्या कुशीत असते.

ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना आधी कधी मुतखडा किंवा वारंवार लघवीचा संसर्ग झाला आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी दुप्पट सावध राहावे.

एका घरातली गोष्ट

आमच्या एका विद्यार्थिनीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. नाव-गाव सांगणार नाही. कंबर दुखते म्हणायची, तर अम्मी म्हणत, “पोटाशी असताना कंबर दुखणारच, बेटा.” सारखे लघवीला जावे लागते म्हणायची, तर त्यालाही तेच उत्तर. दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा खरी असतात, म्हणूनच फसवी. एका संध्याकाळी तिला दातावर दात आपटणारी थंडी वाजून ताप भरला आणि उलट्या सुरू झाल्या. मलेरिया असेल म्हणून जवळच्या दुकानातून गोळी आणली. रात्र तशीच गेली. सकाळी उजव्या कुशीत कुणी बोट लावू देईना आणि पोट राहून राहून दगडासारखे घट्ट होऊ लागले. तेव्हा रिक्षा करून तिला मिरजेला नेले. शिरेतून औषधे सुरू झाली, आठवडाभर मुक्काम पडला. त्या वेळी कळा थांबल्या. पण महिन्याभराने, चौतिसाव्या आठवड्यातच बाळ आले. वजन १ किलो ९०० ग्रॅम. बारा दिवस काचेच्या पेटीत. आता ते बाळ अंगणवाडीत जाते आणि शाळेच्या कुंपणापाशी मावशीची वाट बघत उभे असते, अल्हम्दुलिल्लाह.

संसर्गामुळेच बाळ लवकर आले का, असे डॉक्टरांना घरच्यांनी विचारले. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण त्याचा हातभार असू शकतो, असे त्यांनी सांगितले. हे उत्तर आम्हाला सचोटीचे वाटले. नंतर त्या माउलीने तिची फाइल आमच्यापुढे ठेवली, कागद वाचून द्या म्हणून. लघवीचे तीन अहवाल होते. तिन्हींवर अल्ब्युमिन निल, शुगर निल. कल्चर एकदाही झाले नव्हते. आणि कोणी ते मागितलेही नव्हते.

मूत्रपिंडापर्यंत चढलेला संसर्ग आईच्या रक्तात पसरू शकतो, तिचा रक्तदाब कोसळू शकतो, फुप्फुसांत पाणी होऊन श्वास लागू शकतो. आधीच कमी असलेले रक्त आणखी घटते. तापाने आणि जंतूंच्या विषारी द्रव्यांनी गर्भाशय उद्दीपित होऊन वेळेआधी कळा सुरू होतात. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे, मेंदू, चोखण्याची ताकद सारेच अपुरे असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ऊब टिकवणेही जड जाते. बाळाच्या जन्माआधीचे ते शेवटचे पाच-सहा आठवडे किती मोलाचे असतात, हे ज्या घराने काचेच्या पेटीबाहेर उभे राहून दिवस मोजले आहेत, त्यालाच विचारावे.

तेव्हा ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, ध्यानात ठेवावीत. लघवीला आग, थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लालसर किंवा उग्र वासाची लघवी, एवढेच असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, पोट वरचेवर घट्ट होणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही असेल तर उजाडायची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे, वाहन नसेल तर १०८ला फोन करावा.

तपासणी कशी करावी, आणि नमुना कसा द्यावा

दिवस राहिल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत एकदा तरी कल्चर व्हावे. डॉक्टरांना, परिचारिकेला, आशाताईंना सरळ विचारावे, “लघवीचं कल्चर करायचं का?” प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात गर्भवतीला तपासण्या आणि औषधे मोफत मिळण्याचा हक्क आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. तो दिवस विचारण्यासाठी उत्तम. गावच्या केंद्रात कल्चरची सोय नसेल तर कुठे होईल हे तिथेच विचारावे. आपण माधवनगरकर त्याबाबत नशीबवान आहोत. सांगलीचे सिव्हिल हाकेच्या अंतरावर, आणि त्यापुढे मिरज. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये जिथे मिशन हॉस्पिटल उभे केले आणि १९६२ मध्ये जिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, त्या मिरजेत कर्नाटकातून लोक उपचाराला येतात. आपल्याला वडापने जाता येते.

पण खरी गडबड नमुन्यातच होते. मुलांना प्रयोगवही लिहायला शिकवण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे याबाबतीत आम्ही जरा लांबण लावणार आहोत, वाचक भगिनींनी सोसून घ्यावे.

बाटली घरची नको. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, लोणच्याची बरणी, काहीही नको. प्रयोगशाळा झाकणाची निर्जंतुक डबी देते, तीच वापरावी. झाकण लघवी घेण्याच्या क्षणीच उघडावे, आणि उघडल्यावर ते पालथे न ठेवता हातात धरावे. डबीच्या आतल्या कडेला बोट लागू देऊ नये. आधी हात साबणाने धुवावेत. मग जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवावी आणि स्वच्छ कापडाने टिपावी. पहिली धार जाऊ द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, शेवटची पुन्हा जाऊ द्यावी. पहिल्या धारेसोबत त्वचेवरचे जंतू वाहून जातात, म्हणून हा खटाटोप. सकाळची पहिली लघवी असेल तर उत्तम. प्रतिजैविक सुरू करण्याआधीच नमुना द्यावा, नाहीतर औषधाने अर्धमेले झालेले जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत आणि कागदावर खोटेच ‘नो ग्रोथ’ उमटते.

आणि वेळ. खोलीच्या तापमानात लघवीतले जंतू भराभर वाढतात. सकाळी सातला नमुना घेऊन, डबी पिशवीत घालून, आधी बाजार, मग मावशीकडे चहा, आणि मग अकराला प्रयोगशाळा असा प्रवास झाला, तर दहा-वीस हजारांचे लाख होतात आणि नसलेला संसर्ग कागदावर दिसतो. तासा-दोन तासांत डबी पोचली पाहिजे. त्यापेक्षा प्रयोगशाळेतच जाऊन नमुना द्यावा हे बरे. तिथले स्वच्छतागृह चांगले नसेल तर तसे स्पष्ट बोलून दाखवावे.

अहवाल यायला दोन दिवस लागतात, कधी तीन. त्यावर जंतूचे नाव आणि संख्या असते. खाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकासमोर ‘एस’ किंवा ‘आर’ असे इंग्रजी अक्षर. ‘एस’ म्हणजे या औषधाने हा जंतू मरतो, ‘आर’ म्हणजे याला हा जंतू जुमानत नाही. ‘मिक्स्ड ग्रोथ’ असे लिहिले असेल तर बहुधा नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळले आहेत. घाबरू नये, नमुना पुन्हा द्यावा.

औषधाबद्दल दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात, पोटाशी असताना कोणतेच औषध नको, बाळाला अपाय होईल. दुसरे शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेतात. दोन्ही चूक. गरोदरपणात सुरक्षित मानली गेलेली प्रतिजैविके आहेत आणि महिना पाहून डॉक्टर त्यांतून निवड करतात. एखादे औषध मधल्या महिन्यांत चालते, पण बाळंतपण जवळ आल्यावर टाळतात. उलट आपल्याकडे लघवीच्या त्रासासाठी दुकानदार सहज काढून देतात ती नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे गर्भवतीसाठी सहसा वापरत नाहीत. डॉक्सिसायक्लिनच्या जातीच्या औषधांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून दुकानात चिठ्ठीशिवाय गोळी मागायची नाही, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचे: “मला इतके महिने झालेत.” पोट दिसत नसलेल्या पहिल्या महिन्यांत हे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण लाजेने नेमके तेव्हाच सांगितले जात नाही.

पाच किंवा सात, जितक्या दिवसांच्या गोळ्या दिल्या तितक्या संपवाव्यात. तिसऱ्या दिवशी बरे वाटते आणि उरलेली पट्टी कपाटात जाते. वाचलेले जंतू तेवढ्यात ते औषध ओळखून बसतात. पुढच्या वेळी त्याच औषधासमोर ‘आर’ उमटते. कोर्स झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करून संसर्ग खरोखर गेला का हे पाहतात.

पाणी, वुजू आणि लाज

या भागात पाणी कमी पिण्याची कारणे तहानेशी क्वचितच जोडलेली असतात. तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसणाऱ्या बायका, सांगलीच्या हळदीच्या गोदामातल्या बायका, कुपवाडच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली, आणि हो, आमच्यासारख्या शिक्षिकाही, सकाळी घरून निघताना हिशेबानेच पाणी पितात. दिवसभर जायला जागा नाही, किंवा आहे तिला कडी नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होत होता आणि ज्या मुळात पाणी कमी पीत होत्या अशा स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. त्या गर्भवती नव्हत्या, पण पाण्याचे काम शरीरात तेच.

जागा नसणे हा नशिबाचा भाग नाही, हे महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी आधीच दाखवून दिले आहे. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, एवढा साधा सवाल घेऊन अनेक संस्था एकत्र आल्या. त्यात ‘कोरो’ संस्थेच्या मुमताज शेख पुढे होत्या. वस्तीत वाढलेल्या या मुस्लिम कार्यकर्तीचे नाव २०१५ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रस्त्यांवर, बाजारांत स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे देणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे असे बजावले. आपल्यासारखेच एक मराठी मासिक न्यायालयात गेले, याचे आम्हाला विशेष वाटते. आपले माधवनगर ग्रामपंचायतीत आहे, महापालिकेत नाही. पण बाजारपेठेत बायकांसाठी सोय कुठे आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला निकालाची प्रत लागत नाही.

आपल्या घरांत आणखी एक कारण आहे, ते बाहेर बोलले जात नाही. वुजू टिकावा म्हणून पाणी कमी पिणे. गरोदरपणात खोकताना, शिंकताना थेंब जातो, वुजू पुन्हा करावा लागतो, वाकून पाय धुणे जड होते. मग असरपासून इशापर्यंत पाणीच नको, असा हिशेब होतो. ज्यांना सतत थेंब जाण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी फिकहमध्ये ‘माजूर’ची सवलत आहे, आपल्याला ती कशी लागू होते हे एखाद्या आलिमा आपांना विचारून घ्यावे. तहानलेले राहणे हा त्यावरचा उपाय नाही. इस्तिंजाची शिकवण आपल्याला लहानपणापासून असते आणि पाण्याने स्वच्छता हे मोठेच वरदान आहे. फक्त हात पुढून मागे जावा, मागून पुढे नव्हे. मुलींना इस्तिंजा शिकवताना हे एक वाक्य वाढवले तर जन्मभर पुरते. सुगंधी साबण, पावडर, आतून धुण्याची द्रव्ये यांची गरज नाही. पती-पत्नी संबंधांनंतर लगेच लघवी करून यावे, हेही सासूने सुनेला सांगायला हरकत नाही. न सांगितल्यास कोण सांगणार?

रमजानात प्रश्न जास्त येतात. गर्भवतीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा दीनने दिली आहे. लघवीचा संसर्ग असताना, विशेषतः ताप असताना, बारा-तेरा तास पाण्याविना राहणे धोक्याचे, आणि प्रतिजैविकाच्या वेळाही चुकतात. ज्या सुना “लोक काय म्हणतील” म्हणून लपून रोजा धरतात, त्यांच्या घरच्यांनी आधी बोलायला हवे. प्रकृती ठीक असून डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी इफ्तार ते सहरी या वेळात आठ-दहा ग्लास पाणी थोडे थोडे करून पोटात गेले पाहिजे, सहरीला एकदम तांब्याभर नव्हे.

लाजेविषयी एक आठवण द्यावीशी वाटते. अन्सारी स्त्रियांनी दीन समजून घेताना शरीराबद्दलचे अवघड प्रश्नही विचारले, लाज आड येऊ दिली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांचे कौतुक केले होते. आमच्या पालकसभेत माता सगळे विचारतात: गणितात गुण का कमी, डबा का परत येतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी. सभा संपली की मग एखादी मागे रेंगाळते, ओढणी सावरते आणि हळूच म्हणते, “बाई, एक विचारू का?” तो प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. तिने तो आधी घरी विचारलेला नसतो, कारण स्वयंपाकघरात सासरे पाणी प्यायला येतात आणि नवऱ्याला अशा गोष्टी सांगायच्या नसतात, असे तिला शिकवलेले असते. नवऱ्याला सांगायचेच असते. प्रयोगशाळेत डबी घेऊन त्यालाच जायचे असते, वेळेत.

गर्भवतीकडे माता व बाल संरक्षण कार्ड असते. त्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिन व साखर यांच्या नोंदी होतात. कल्चर झाले असेल तर त्याची तारीख, जंतूचे नाव आणि घेतलेले औषध त्याच कार्डावर, जिथे कोरी जागा सापडेल तिथे पेनने लिहून ठेवावे, किंवा परिचारिकेकडून लिहून घ्यावे. अहवालात ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हे नाव असेल तर ते ठळक लिहावे, कारण तो जंतू बाळंतपणाच्या वाटेवर बाळाला लागू शकतो आणि त्यासाठी कळा सुरू असताना आईला शिरेतून औषध देतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, तपासण्या सासरी झालेल्या असतात, आणि रात्री दोन वाजता वेगळ्याच गावच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागते. तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या हातात तेवढे एक कार्डच असते.